सहा तासांची सकाळ

मुंबई ते लंडन नऊ-साडेनऊ तास, लंडनच्या विमानतळावर चार तास आणि तिथून सॅन फ्रान्सिस्को आणखी अकरा. बरोबर आठ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मामाकडे निघालो होतो. टॅब होता, रंगवायची पुस्तकं होती, चिवडा होता, खाकरे होते. पण मला सांगायचंय ते पिशवीच्या तळाशी ठेवलेल्या दोन वस्तूंबद्दल. एक, पृथ्वीचा नकाशा छापलेला, हवा भरायचा प्लॅस्टिकचा चेंडू. दुसरी, टोकांना गाठ मारलेला दोन मीटर सुती दोरा.

"आई, अजून किती वेळ?" हा प्रश्न अरबी समुद्रावर असतानाच आला. मुलं उगीच विचारत नाहीत. वेळेकडे लक्ष लागलं की वेळ खरोखरच लांबतो; दूध कधी उतू जातंय हे बघत ओट्याशी उभं राहिलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. शिवाय पाच वर्षांच्या मुलीच्या आयुष्यात एक दिवस हा आपल्या दिवसापेक्षा फार मोठा तुकडा असतो. तेव्हा घड्याळाकडचं लक्ष दुसरीकडे वळवायला हवं. आणि विमानात आसपास इतकं काही घडत असतं की वळवायला जागा शोधावी लागत नाही.

विमान जमिनीवर असतानाच मुलाने चेंडूत तीन चतुर्थांश हवा भरली आणि बूच लावलं. चेंडू पोचट, आफ्रिकेला खड्डा पडलेला. तासाभराने त्याने तो हातात घेतला आणि ओरडलाच, "आई, हा फुगला!" खड्डा गेला होता, चेंडू टणक झाला होता. कुणीही फुंकर घातली नव्हती. चिवड्याचं पाकीटही उशीसारखं गच्च झालं होतं.

कारण असं, की अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाव भागाहूनही कमी असतो आणि तापमान उणे पन्नासच्याही खाली. माणूस तिथे टिकणार नाही, म्हणून विमानात हवा दाबून भरतात. पण पूर्ण समुद्रसपाटीइतकी नाही, कारण आतला दाब जितका जास्त, तितका विमानाच्या कवचावरचा ताण जास्त. म्हणून आतली हवा साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या डोंगरावर असते तितकी विरळ ठेवतात. बाहेरून रेटणारा दाब कमी झाला, की चेंडूतली हवा हातपाय पसरते.

मुलगा मागच्या वर्षी कळसूबाई चढला होता. कळसूबाई १६४६ मीटर. "म्हणजे आत्ता आपण कळसूबाईच्या पण वर बसलोय? खुर्चीत?" हो, अगदी तसंच. महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखरावर मिळते त्याहून विरळ हवा आम्ही सगळे तीनशे जण श्वासात घेत होतो, आणि कुणी पांघरूण ओढून झोपलं होतं, कुणी सिनेमा बघत होतं.

पाण्याची रिकामी बाटली त्याने वर असतानाच घट्ट झाकण लावून ठेवली. लंडनला उतरताना ती आपोआप चेपत गेली, कुरकुर आवाज करत. त्याच वेळी धाकटीचे कान दुखू लागले. कानाच्या पडद्यामागच्या पोकळीतून घशापर्यंत एक बारीक नळी जाते. गिळताना किंवा जांभई देताना ती उघडते आणि दाब सारखा होतो. लहान मुलांमध्ये ही नळी अरुंद आणि बरीचशी आडवी असते, म्हणून त्यांना उतरताना जास्त त्रास. मी तिला स्ट्रॉने घोटघोट पाणी दिलं आणि म्हटलं, "बाटलीकडे बघ. तुझ्या कानात तेच चाललंय." दुखणं तिथल्या तिथे थांबलं असं नाही, पण ते काय आहे हे डोळ्यांनी दिसल्यावर तिचं रडणं थांबलं.

लंडनच्या विमानतळावरचे चार तास मला सर्वांत कठीण वाटत होते. तिथे दोरा बाहेर काढला. दोन्ही हातांच्या बोटांत दोरा अडकवायचा, एका बोटाने दुसऱ्या तळव्यावरचा धागा उचलायचा, की मध्ये दोन फुल्या तयार होतात; आमच्याकडे एवढंच येत होतं. समोरच्या बाकावर एक सात-आठ वर्षांची मुलगी आजीबरोबर बसली होती. त्यांची भाषा कोणती ते मला कळलं नाही. ती उठून आली, दोन्ही फुल्या चिमटीत पकडल्या, बाहेरून खाली नेऊन मधून वर काढल्या, आणि दोरा आमच्या मुलाच्या हातांतून तिच्या हातांत गेला, नवीनच आकार होऊन. मग तो पुन्हा याच्याकडे. पुढचा पाऊण तास एक शब्दही न बोलता दोरा इकडून तिकडे जात राहिला.

हा खेळ जगात किती दूरवर पसरलाय याची कल्पना केली तरी थक्क व्हायला होतं. १८९८ साली केंब्रिजहून एक संशोधक तुकडी ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या मधल्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेली. नेतृत्व आल्फ्रेड हॅडन यांचं. तिथल्या लोकांच्या बोटांत दोऱ्याच्या इतक्या गुंतागुंतीच्या आकृती फुलत होत्या, की त्या लिहून कशा ठेवायच्या हाच प्रश्न पडला. मग हॅडन आणि त्यांचे सहकारी रिव्हर्स यांनी १९०२ साली त्यासाठी एक पद्धतच प्रसिद्ध केली : कुठल्या बोटावरचा कुठला धागा, कुठून उचलायचा. १९०६ साली कॅरोलिन फर्नेस जेन यांचं जगभरच्या दोरा-आकृतींचं मोठं पुस्तक आलं. आणि मला फार आवडणारी गोष्ट अशी, की हॅडन यांची मुलगी कॅथलीन हिलाही या दोऱ्याने असं धरलं, की १९११ साली तिने स्वतःचं पुस्तक लिहिलं. मोहिमेच्या वेळी ती दहा वर्षांची होती.

दुसऱ्या विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा आला आणि मुलगा चक्रावला. कॅलिफोर्निया नकाशात लंडनच्या डावीकडे, थोडा खाली. विमान मात्र वर, थेट ग्रीनलंडकडे निघालेलं. "हे उगीच वळसा घेतायत." मी चेंडू काढला, दोऱ्याचं एक टोक लंडनवर दाबलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि ताणायला सांगितलं. दोरा आपोआप सरकला आणि ग्रीनलंडवरून जाऊन बसला. त्याने तो खाली, नकाशातल्या सरळ रेषेवर ओढून बघितला. दोरा अपुरा पडला. गोलावरचा जवळचा रस्ता सपाट कागदावर वाकडा दिसतो. वाऱ्यांमुळे विमानं रोज थोडी इकडेतिकडे सरकतात, पण मूळ वाट दोरा दाखवतो तीच.

चेंडूवर आणखी एक गोष्ट दिसली. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलंड केवढं मोठं! मर्केटरने १५६९ साली आखलेल्या पद्धतीचा तो परिणाम; ध्रुवांकडे जावं तसा प्रदेश ताणला जातो. चेंडूवर ग्रीनलंड भारताहून लहान निघालं, साधारण दोन तृतीयांश. मुलांनी बोटांनी मोजून खात्री केली.

ग्रीनलंड यायच्या आधी, खाली ढगांचा सपाट गालिचा असताना, मागच्या दारातल्या उजवीकडच्या खिडकीतून विमानाची सावली दिसली आणि तिच्याभोवती रंगीत कडं. ढगांतले पाण्याचे सूक्ष्म थेंब प्रकाश उलट सूर्याच्या दिशेने परतवतात, त्यातून ते उमटतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दिसणारं इंद्रवज्र ते हेच. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स यांनी तिथे ते पाहिल्याची नोंद आहे. या रंगीत कड्याचं केंद्र नेहमी बघणाऱ्याच्या स्वतःच्या सावलीवर असतं. पुढच्या खिडकीतल्या माणसाचं कडं त्याच्या खिडकीच्या सावलीभोवती, आमचं आमच्या. मुलीला मी हे सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे ते माझं आहे."

आता सूर्याचं सांगते. आमची जागा डावीकडची, सूर्य त्याच बाजूला. लंडनहून सकाळी अकराच्या सुमाराला निघालो होतो. हात लांब करून धरलेली एक मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते. मुलगा दर तासाला मुठी मोजून वहीत लिहीत होता. सुरुवातीला दोन मुठी. मग दीड. ग्रीनलंडजवळ एक. "आता मावळणार," तो म्हणाला. पण सूर्य मावळेना. तास गेले, जेवण झालं, धाकटी झोपून उठली, आणि उजेड तसाच, सकाळी दहाचा.

त्याला समजावायला आम्ही डोक्यावरचा वाचायचा दिवा सूर्य केला. बहिणीने चेंडू पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवायचा, भावाने बोटाचं विमान उलट दिशेने न्यायचं. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावते. मुंबईत आपण स्वस्थ बसलेलो असतानाही ताशी सुमारे १५८० किलोमीटरने धावत असतो. पण उत्तरेकडे जावं तसं प्रत्येक वर्तुळ लहान होत जातं. ६० अक्षांशावर हा वेग निम्मा, ८३५. आमचं विमान पश्चिमेकडे जवळजवळ तेवढ्याच वेगाने चाललं होतं. पृथ्वी आम्हांला सूर्यापासून पुढे नेत होती आणि विमान तेवढंच मागे आणत होतं. खाली सरकला होता तो सूर्य नव्हे. आम्ही उत्तरेकडे आलो म्हणून तो बुटका दिसत होता. पुढे कॅनडा ओलांडून दक्षिणेकडे वळलो तसा तो पुन्हा दोन मुठी, तीन मुठी वर चढला. वहीतला तो आकड्यांचा रकाना मी जपून ठेवलाय. जवळजवळ सहा तास आम्ही एकाच सकाळीत होतो.

बॅफिन बेटाच्या बर्फावरून जाताना मी त्यांना इग्लूलिकची गोष्ट सांगितली. इग्लूलिक आमच्या वाटेच्या उत्तरेला. तिथे हिवाळ्यात सूर्य कित्येक आठवडे उगवतच नाही. तिथल्या इनुइट लोकांबद्दलची जुनी नोंद अशी, की शरद ऋतूत सूर्य दक्षिणेकडे निघाला की ते दोऱ्याचा हाच खेळ खेळत, त्याच्या जाळीत सूर्य अडकावा आणि निघून जाऊ नये म्हणून. वसंतात सूर्य परतू लागला की दोरा बाजूला, आणि तो लवकर यावा म्हणून वेगळा खेळ.

ऑक्टोबरच होता. धाकटीने दोरा बोटांत घातला, दोन फुल्या केल्या, हात खिडकीकडे नेले आणि एक डोळा मिटून त्या जाळीतून सूर्याकडे रोखून बघणार, तेवढ्यात मी तिचे डोळे झाकले. मग तिने जाळीची सावली भावाच्या शर्टावर पाडली. फुल्यांच्या मधल्या चौकोनात उजेडाचा तुकडा थरथरत होता. "पकडला," ती म्हणाली.

मामाच्या घरी पहिल्या रात्री तीन वाजता दोघं टक्क जागी. मेंदूत तांदळाच्या दाण्याएवढा पेशींचा एक पुंजका डोळ्यांकडून उजेडाची खबर घेऊन शरीराचं घड्याळ लावतो, आणि तो दिवसाला साधारण तासाभरानेच सरकतो. आम्ही साडेबारा तासांचं अंतर ओलांडलं होतं. पुंजका अजून घरी, डोंबिवलीतच होता, तिथे दुपारचे साडेतीन वाजले होते. आजी नुकतीच चहा घेऊन बसली असणार, म्हणून फोन लावला.

धाकटीने फोनसमोर दोरा धरला, दोन फुल्या करून दाखवल्या आणि चिमटीत पकडून पुढे काय करायचं तेही सांगितलं. आजी थोडा वेळ बघत राहिली. मग कप खाली ठेवून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात मिठाईच्या खोक्याचा दोरा होता. तिने दात लावून गाठ आवळली, बोटं आत घातली, आणि आम्ही कुणीच कधी न पाहिलेलं काहीतरी विणायला लागली.

"थांब," ती म्हणाली, "साठ वर्षं झाली, पण हात विसरलेले नाहीत."