रक्तातील ‘अ’ जीवनसत्त्व आणि यकृतातील साठा

बालकाच्या कपाळाचा मुका घेताना ओठांना खारट चव लागावी आणि मातेच्या मनात शंकेची पाल चुकचुकावी, हे ‘सिस्टिक फायब्रोसिस’ या आनुवंशिक विकाराचे जुने आणि ओळखीचे लक्षण होय. माता व पिता या दोघांकडूनही सदोष जनुक आल्यासच हा विकार होतो. सातव्या गुणसूत्रावरील हे जनुक १९८९ मध्ये शोधले गेले. या दोषामुळे घामावाटे मीठ अधिक जाते आणि फुफ्फुस, स्वादुपिंड व पित्तनलिका यांतील स्राव घट्ट व चिकट होतात. हा विकार भारतात नाहीच, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. तो खरा नव्हे. आपल्याकडील अशी कित्येक बालके वारंवार होणारा न्यूमोनिया अथवा कुपोषण या नावाखाली अज्ञातच राहतात.

न्यूयॉर्क येथील डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. मृत बालकांच्या श्वासनलिकांच्या अस्तरात त्यांना ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी होतात तसे बदल दिसले. त्यावरून फुफ्फुसाचा विकार या अभावातूनच उद्भवत असावा, असा तर्क त्यांनी केला. तो तर्क पुढे टिकला नाही. अभावाचे निरीक्षण मात्र अचूक होते. ‘अ’ जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांत विरघळते. सुमारे ८५ टक्के रुग्णांत स्वादुपिंडाचा पाचकरस आतड्यापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. स्निग्धांश न पचता मलावाटे निघून जातो आणि त्याबरोबर हे जीवनसत्त्वही जाते. परिणामी रातांधळेपणा येऊ शकतो. म्हणूनच जेवणाबरोबर पाचक विकरे आणि दररोज अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे देण्याची पद्धत रूढ झाली, आणि ती योग्यच आहे.

परंतु या उपचारात यकृताचा विचार करणे अगत्याचे ठरते. शरीरातील बहुतांश ‘अ’ जीवनसत्त्व यकृतातील ताऱ्याच्या आकाराच्या पेशींत साठविलेले असते. तेथून ते रक्तात आणण्यासाठी एक वाहक प्रथिन लागते व ते प्रथिनही यकृतच तयार करते. यकृत आजारी असेल, आहारात प्रथिने वा जस्त कमी पडत असेल, किंवा अंगात ताप व जंतुसंसर्ग असेल, तर वाहक प्रथिन घटते आणि रक्तातील जीवनसत्त्वाचे प्रमाणही कमी दिसते. कोठार धान्याने भरलेले असावे, पण बाजारात माल नेण्यास गाड्याच नसाव्यात, तशी ही स्थिती होय. बाजार रिकामा दिसतो म्हणून कोठारात आणखी पोती रचल्याने काय साधणार?

साधत तर काही नाहीच, उलट हानी संभवते. या रुग्णांत घट्ट पित्तामुळे सूक्ष्म पित्तनलिका तुंबतात आणि काहींचे यकृत हळूहळू कठीण होऊ लागते. सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांत हा विकार गंभीर रूप धारण करतो. यकृतावर व्रण निर्माण करणाऱ्या पेशी याच, जीवनसत्त्व साठविणाऱ्या! त्यांच्यावर अतिसाठ्याचा भार पडला, तर मुळात निरोगी असलेले यकृतही बिघडते. ध्रुवीय अस्वलाचे यकृत खाऊन आजारी पडलेल्या दर्यावर्दींच्या हकिकती प्रसिद्धच आहेत.

यावरून औषध बंद करावे, असा अर्थ कोणीही घेऊ नये. डोळ्यांचे नुकसान हे तितकेच खरे संकट आहे. रक्ततपासणी ताप नसताना, रुग्ण स्वस्थ असताना करावी. केवळ जीवनसत्त्वाच्या आकड्यावर विसंबू नये. त्याबरोबर वाहक प्रथिन, जस्त आणि यकृताच्या तपासण्या पाहाव्यात. उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात जीवनसत्त्वाचे साठवणीचे रूप वाढलेले आढळल्यास कोठार ओसंडू लागले आहे, असे समजावे. तपासणी दरवर्षी व्हावी आणि मात्रा बदलल्यास काही महिन्यांनी पुन्हा व्हावी. २०१९ पासून उपलब्ध झालेली तीन औषधांची संयुक्त गोळी सदोष प्रथिनाचे कार्य सुधारते. ती महाग आहे. पण ज्यांना मिळते त्यांच्या रक्तातील ‘अ’ जीवनसत्त्व वाढू शकते आणि मग जुनीच मात्रा अधिक ठरू शकते. अशा वेळी सततची डोकेदुखी किंवा दृष्टी अंधुक होणे याकडे दुर्लक्ष करू नये.

आपल्या राज्यातही राष्ट्रीय कार्यक्रमानुसार बालकांना नवव्या महिन्यात १ लाख एकके आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख एकके ‘अ’ जीवनसत्त्व तोंडावाटे दिले जाते. सर्वसाधारण बालकांसाठी ही मात्रा हितकारक आहे. सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या बालकाच्या पालकांनी मात्र दररोजच्या औषधांची चिठ्ठी आरोग्यसेविकेस दाखवावी व आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेऊनच हा डोस द्यावा. माशाच्या यकृताचे तेल परस्पर सुरू केलेले असल्यास तेही सांगावे. शेवग्याचा पाला, पपई, गाजर यांना ही धास्ती नाही. त्यांतील कॅरोटिनचे जीवनसत्त्वात रूपांतर शरीर गरजेपुरतेच करते.