भुताचं देणं

रत्नागिरीच्या १८२८ साली सुरू झालेल्या नगर वाचनालयातून शाळेच्या वयात मी नारायण धारपांची पुस्तकं आणून रात्रीत संपवत असे. भयकथांचा संग्रह वाचून झाला की वहीत दोन प्रश्नांची उत्तरं लिहायची : भूत कोणाचं? ते का आलं? दुसऱ्या प्रश्नाचा पिच्छा मी आजवर सोडलेला नाही. त्यापायीच १९१५ सालचं एक पुस्तक माझ्या हाती लागलं.

कोकणातल्या लोकसमजुतींची ही टिपणं आर. ई. एन्थोवेन यांनी संपादित केली. सामग्री मात्र ए. एम. टी. जॅक्सन यांची. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या तेच हे कलेक्टर. कान्हेरे आपल्या खेड तालुक्यातले. वधाची हकिकत आपल्याला पाठ असते. त्या कलेक्टरच्या कागदांत आपल्याच गावांची भुतं नोंदलेली होती, हे फारसं कुणी सांगत नाही.

ती नोंदवली शाळामास्तरांनी. लोकसाहित्याचे अभ्यासक विल्यम क्रुक यांच्या प्रश्नावलीला गावोगावच्या मास्तरांनी उत्तरं पाठवली. तळटिपांत बहुतेकदा फक्त हुद्दा आणि गाव : शाळामास्तर, पालशेत; शाळामास्तर, उभादांडा (तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा, आजचा सिंधुदुर्ग). माणसाचं नाव नाही. पण नोंदी किती नेमक्या! मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा तो मुंजा. त्याचा वास पिंपळावर. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. बुडून मेलेला गिऱ्हा पाण्याकाठी वाटसरूला चकवतो. देवचार गावाच्या चार दिशांना, वर्षाच्या मानाचे हक्कदार. आणि समंध : निर्वंश गेलेला, आपलं धन दुसऱ्याला भोगू न देणारा.

ही यादी मी पुन्हा पुन्हा वाचली, तेव्हा माझ्या वहीतल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. यातलं जवळजवळ प्रत्येक भूत कशाला तरी मुकलेलं आहे. कुणाचा संसार राहिला, कुणाचं मूल, कुणाचा वारस. कोकणातलं भय गावाबाहेरून येत नाही. गावानं, घरानं न फेडलेल्या देण्यातून ते उठतं.

धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली. तिथलं संकट परमुलखातून गावात शिरतं. वाचताना अंगावर काटा येतो, पण पुस्तक मिटलं की तो ओसरतो. याउलट राही अनिल बर्वे यांचा २०१८ सालचा ‘तुंबाड’ हा चित्रपट पाहा. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतलेलं, कथाबीजात धारपांचा वाटा, गाव खेड तालुक्यातलं. तिथे भय वाड्याच्या पोटात आहे आणि बापाकडून मुलाकडे हाव वारशासारखी चालत येते. मास्तरांनी नोंदवलेला समंध मला त्या अंधारात ओळखीचा वाटला.

रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत पिंपळ नाही, पाणवठा नाही. अनेकदा भूतही नाही. साध्या मध्यमवर्गीय घरातल्या माणसांच्या मनात दडपलेलं काहीतरी वर येतं. मला ते त्याच देण्याचं शहरातलं रूप वाटतं. १७ मे २०२० रोजी मतकरी गेले, तेव्हा मी त्यांचा ‘खेकडा’ हा कथासंग्रह पुन्हा काढला. आपल्या समीक्षेनं भयकथा-गूढकथांना करमणुकीच्या कप्प्यात टाकलं, हा अन्याय आहे असं मला ठामपणे वाटतं.

भयकथासंग्रहाचं परीक्षण लिहिताना ‘किती भीती वाटली’ हे माप अपुरं पडतं. कथेतल्या भुताचं काय राहून गेलं होतं, ते कुणी फेडायचं होतं आणि वाचक म्हणून त्यातला किती भाग माझ्याकडे येतो, हे विचारायला हवं. जी कथा या प्रश्नांना उत्तर देते, ती दिवा लावल्यावरही सरत नाही.

वहीत आता मी तिसरा प्रश्न लिहितो : देणं कोणतं? पहिल्या पानावर उत्तर आहे : पालशेतच्या, उभादांड्याच्या मास्तरांची न नोंदवलेली नावं.