विहिरीचे पाणी आणि कायदा

संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या वरूड तालुक्यात बागांची तहान भूजलच भागविते आणि गावाची घागरही त्यावरच भरते. या पाण्याबाबत कोणी काय करावयाचे, हे कायदा ठरवितो. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पाणीपुरवठा व स्वच्छता ही कामे पंचायतीकडे सोपविली. 1993 च्या भूजल अधिनियमाने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर खोदण्यास मनाई केली. पुढे 2009 च्या अधिनियमाने त्याची जागा घेतली. आरोग्य कर्मचारी पाण्याचे नमुने तपासणीस पाठवितात. धोका आढळल्यास गावाला लाल कार्ड मिळते. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणे मात्र पंचायतीचेच कर्तव्य होय. ते वेळेवर पार पडले, तरच आरोग्य विभागाच्या इशाऱ्याला अर्थ राहतो.