शब्दांचा सापळा : संगणक-दुरुस्तीच्या नावाने होणारी फसवणूक



गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले, तेव्हा मी एखाद्या वाङ्मयीन विषयावर बोलावे अशी चिटणीसांची अपेक्षा होती. सारा जन्म मराठीच्या अध्यापनात घालविलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करावयाची? परंतु मीच विषय बदलून मागितला. गेल्या वर्षी माझी फसवणूक झाली. ती संगणकाच्या निमित्ताने आणि टेलिफोनवरून झाली खरी. पण तिचे हत्यार शब्द हेच होते. म्हणून हा विषय भाषेच्या अध्यापकाने मांडणे अप्रस्तुत ठरणार नाही असे वाटते.

प्रथम घडले ते सांगतो. एके सायंकाळी मी एका जुन्या मासिकाचे अंक संगणकावर चाळीत होतो. अचानक पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला आणि इंग्रजीत मजकूर उमटला : आपल्या यंत्रात विषाणू शिरला आहे, यंत्र बंद करू नका, ताबडतोब पुढील क्रमांकावर फोन करा. मी फोन केला. पलीकडचा तरुण अत्यंत अदबीने, शुद्ध हिंदीत बोलत होता. आपण एका जगप्रसिद्ध कंपनीचे तंत्रज्ञ आहोत असे त्याने सांगितले. त्याच्या सूचनेवरून मी एक सॉफ्टवेअर उतरवून घेतले, पडद्यावरचा नऊ आकडी क्रमांक त्याला वाचून दाखविला, आणि माझा संगणक त्याच्या हाती गेला. मी खुर्चीत बसून होतो आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता.

पुढचा अर्धा तास त्याने मला जे ‘पुरावे’ दाखविले, त्यांचा खरा अर्थ मला नंतर कळला. तोच आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

पहिला पुरावा ‘इव्हेंट व्ह्यूअर’ हा. प्रत्येक विंडोज संगणक आपल्या कामकाजाची रोजनिशी ठेवीत असतो. एखादा प्रोग्राम उशिरा सुरू झाला, छपाईयंत्र सापडले नाही, अशा किरकोळ गोष्टींचीही त्यात ‘एरर’ किंवा ‘वॉर्निंग’ म्हणून नोंद होते. धडधाकट यंत्रातही अशा नोंदी शेकड्यांनी असतात. त्याने त्या लाल-पिवळ्या खुणा दाखवून हे सारे विषाणू आहेत असे सांगितले. दुसरा पुरावा एका लांबलचक क्रमांकाचा. काळ्या खिडकीत ‘असॉक’ ही आज्ञा दिली की तो शेवटी दिसतो. हा तुमच्याच यंत्राचा गुप्त परवाना-क्रमांक असून तो आमच्या दप्तरी आहे, असे म्हणत त्याने तो आधी तोंडपाठ म्हटला आणि मग पडद्यावर दाखविला. वस्तुतः तो क्रमांक जगातील सर्व विंडोज संगणकांवर एकच असतो. तिसरा पुरावा ‘नेटस्टॅट’ या आज्ञेचा. तिच्या यादीत ‘फॉरेन ॲड्रेस’ असा एक रकाना येतो. ‘हे पाहा, परदेशी लोक आपल्या यंत्रात शिरले आहेत,’ असे तो म्हणाला. येथे ‘फॉरेन’चा अर्थ परदेशी असा नव्हेच, जोडणीचे पलीकडचे टोक, एवढाच. ते टोक आपल्याच गावात असले तरी त्याला फॉरेनच म्हणतात.

जन्मभर विद्यार्थ्यांना मी सांगत आलो की, शब्दाचा अर्थ संदर्भावाचून लावू नये. त्या सायंकाळी तीन शब्दांचे तीन खोटे अर्थ मी मान डोलावून स्वीकारले. कारण उघड आहे. माणूस भ्यालेला असला म्हणजे तो अर्थ शोधीत नाही, आधार शोधतो. आणि ज्याने भय निर्माण केले तोच आधार घेऊन उभा असतो.

त्यानंतर ४,९९९ रुपयांच्या ‘संरक्षण-करारा’ची मागणी आली. मी बँकेचे खाते उघडले, तेव्हा तो ते पाहतच होता. मोबाइलवर आलेला ओटीपी त्याने ‘व्यवहार पक्का करण्याचा अंक’ म्हणून मागितला आणि मी सांगितला. खात्यातून ४,९९९ नव्हे, ३८,००० रुपये गेले. त्या संदेशात रक्कम स्पष्ट छापलेली होती आणि हा अंक कोणासही सांगू नये असेही लिहिले होते. मी तो वाचला, तो केवळ अंकापुरता.

येथवरची चूक अज्ञानाची होती. पुढची चूक मात्र निराळी आहे, आणि खरे म्हणजे तीच सांगण्यासाठी मी उभा आहे. त्या रात्री मी घरात कोणालाही काही बोललो नाही. पत्नीला काय सांगावे, पुण्याच्या मुलीला काय वाटेल, लोक प्राध्यापकाला हसतील, या विचारात रात्र गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच तरुणाचा फोन आला : चुकून जादा रक्कम गेली, ती परत करावयाची आहे, एक अंक तेवढा सांगा. घरात कळण्यापूर्वी पैसे परत यावेत या आशेने मी तोही सांगितला. आणखी ४५,००० रुपये गेले. पहिल्या वेळी मला त्याने फसविले. दुसऱ्या वेळी माझ्या लाजेने फसविले. परतफेडीच्या बहाण्याने पुन्हा गाठणे ही या धंद्यातील ठरलेली दुसरी पायरी आहे, हे मला मुलीने तिसऱ्या दिवशी सांगितले. तोवर रक्कम अनेक खात्यांतून पुढे निघून गेली होती.

हा धंदा नवा नाही आणि दूरचाही नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा सहा उद्योगांविरुद्ध कारवाई केली; त्यांतील बहुतेक भारतातून चालत होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोड येथे छापे घालून शेकडो तरुण-तरुणींना ताब्यात घेतले. तेथून अमेरिकेच्या करखात्याच्या नावाने धमकीचे फोन जात. त्याच महिन्यात अमेरिकेत दाखल झालेल्या आरोपपत्रात अहमदाबादच्या पाच कॉल सेंटरांचा समावेश होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘ऑपरेशन चक्र-२’ या मोहिमेत ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. संगणक-दुरुस्तीच्या नावाने परदेशी नागरिकांना लुबाडणारी केंद्रेही तीत होती. त्या एका वर्षात अमेरिकेच्या एफबीआयकडे अशा फसवणुकीच्या ३७,००० हून अधिक तक्रारी आल्या आणि नुकसान ९२ कोटी डॉलरच्या पुढे गेले. सर्वाधिक फसले ते साठी उलटलेले लोक. मिरा रोड आणि अहमदाबाद ही आपल्या बडोद्याच्या दोन्ही अंगांची ठिकाणे. तो अदबशीर तरुण कोठल्या तरी शाळेतच बोलावयास शिकला असेल, हा विचार अध्यापक म्हणून मला आजही अस्वस्थ करतो.

आता ओळखावे कसे आणि करावे काय, हे थोडक्यात सांगतो. मायक्रोसॉफ्टने जाहीरच केले आहे की, त्यांच्या सूचनांच्या खिडकीत कधीही टेलिफोन क्रमांक नसतो. म्हणजे पडद्यावर धोक्याच्या इशाऱ्यासोबत फोन क्रमांक दिसला, की तो इशाराच खोटा, एवढे एकच सूत्र पुरेसे आहे. तसेच, न बोलावता फोन करून कोणतीही कंपनी आपले यंत्र दुरुस्त करावयास येत नाही. लाल खिडकी बंद होत नसेल तर बंद करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे. यंत्र बंद पडते आणि त्याचे काही बिघडत नाही. यंत्र दुरून हाताळण्याची एनीडेस्कसारखी सॉफ्टवेअरे स्वतः वाईट नव्हेत; परंतु अनोळखी माणसास त्यांचा क्रमांक सांगणे म्हणजे घराची किल्ली देणे होय.

हात पोळलाच तर क्रम असा ठेवावा. प्रथम इंटरनेटची जोडणी तोडावी. मग बँकेस कळवून खाते आणि कार्ड थांबवावे, आणि लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेतच अडविली जाण्याची शक्यता अधिक. पासवर्ड बदलावयाचे ते दुसऱ्या यंत्रावरून, आणि आपला संगणक ओळखीच्या जाणकाराकडून तपासून घेतल्यावाचून पुन्हा वापरू नये. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हेच तत्त्व मांडले होते : ग्राहकाने स्वतः अंक सांगितला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. लाजेपोटी गप्प राहिल्याचा तोटा असा रोकडा असतो.

शेवटी गुरुजींची एक आठवण. वर्गात अर्थ कळला नाही तर हात वर करावा, न कळता मान डोलावणाऱ्यावर ते रागावत. हात वर करणाऱ्यास मात्र त्यांनी कधी हसू दिले नाही. बडोदे संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे झाले, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या अक्षरे गिरवू लागल्या. आज त्यांचे नातू-पणतू पुन्हा एका नव्या लिपीपुढे बिगरीत बसले आहेत. बिगरीत बसण्यात कमीपणा नाही. येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच की, घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी चूक कबूल केली तर प्रथम हसू नका आणि रागावू नका. प्रथम १९३० फिरवा. आणि माझ्या वयाच्या मित्रांनो, अर्थ कळला नाही तर हात वर करा.