उतारवयातील दात आणि गाठीचा पैसा

'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिच्यातील विनोद तरुणपणी कळतो, आणि तिच्यातील दुःख साठीनंतर. जन्मभर कष्ट करून घरात चार पैसे साठतात, मुले मिळवती होतात, ताटात हवे ते वाढले जाऊ लागते. आणि नेमके त्याच वेळी दात साथ सोडतात. पूर्वी यावर उपाय एकच होता, तो म्हणजे कवळी. आता दुसराही उपाय आपल्या दाराशी आला आहे. जबड्याच्या हाडात धातूचा लहानसा स्क्रू बसवून त्यावर दात उभारतात. डॉक्टर त्यास इम्प्लांट म्हणतात. लोक 'फिक्स दात' म्हणतात.

उपाय चांगला, पण महाग. त्यामुळे बेळगाव, संकेश्वर, चिकोडी, निपाणी या आपल्या टापूतील कित्येक घरांत आज एकच संवाद चालू असतो. मुलगा म्हणतो, "करून टाकू." आई म्हणते, "आता माझे किती दिवस राहिले? एवढा पैसा माझ्या तोंडात कशाला घालतोस?" ती आई असो, अम्मी असो की अव्वा असो, बोलणे तेच. दोघांचेही म्हणणे प्रेमाचेच आहे. परंतु नुसत्या प्रेमाने हिशेब सुटत नाही. आम्ही वैद्य नव्हे, शिक्षक आहोत. तरी या स्मरणिकेच्या वाचक कुटुंबांना निर्णय करताना उपयोगी पडेल अशी माहिती क्रमाने मांडावी, एवढाच आमचा हेतू आहे.

दात गेल्यावर काय होते

दात म्हणजे नुसता दिसणारा पांढरा भाग नव्हे. त्याचे मूळ हाडात रुतलेले असते आणि चावताना त्या हाडावर दाब पडत राहतो. दात काढल्यावर हा दाब थांबतो आणि हाड हळूहळू झिजू लागते. पहिल्या वर्षात ही झीज सर्वांत जास्त होते, पुढेही ती चालूच राहते. म्हणून आज नीट बसलेली कवळी पाच-सात वर्षांनी सैल होते. दोष कवळी करणाऱ्याचा असतोच असे नाही. तिच्याखालची जमीनच खचलेली असते.

वरची कवळी टाळूला चिकटून बरी राहते. खालच्या कवळीला असा आधार नाही, शिवाय जीभ तिला सारखी उचलते. पूर्ण कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकाच भरतो. मग जोंधळ्याची भाकरी आमटीत भिजवून खावी लागते, काकडी, गाजर, शेंगदाणे, मटण ताटातून जातात, आणि चहा-बिस्किटावर दिवस निघतो. अंगातील ताकद कमी होते, मधुमेह असल्यास साखर वाढते. लग्नकार्यात माणूस पंगतीला बसत नाही, बोलताना तोंडावर हात धरतो. हे नुकसान रुपयांत मोजता येत नाही, परंतु ते खरे असते. म्हातारपणी दात ही चैन आहे, ही समजूत म्हणूनच सोडून दिली पाहिजे.

हा उपाय आला कोठून

स्वीडन देशातील संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५२ साली सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियम धातूची छोटी नळकांडी हाडात बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती निघेनात, कारण हाड धातूशी एकजीव झाले होते. या गोष्टीचा उपयोग त्यांनी दातांसाठी केला. १९६५ साली योस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाला असे स्क्रू बसवले गेले, आणि सुमारे चाळीस वर्षांनी, त्यांच्या मृत्यूपर्यंत, ते काम देत होते.

पद्धत आजही मुळात तीच आहे. हाडात स्क्रू बसवायचा, तीन ते सहा महिने हाड धरू द्यायचे, मग वर दाताची टोपी किंवा कवळी अडकवण्याचे बटण लावायचे. योग्य रुग्णात दहा वर्षांनंतरही शंभरापैकी नव्वदाहून अधिक स्क्रू टिकलेले आढळतात. वय जास्त म्हणून हे काम होत नाही असे नाही. सत्तरीतही हाड धरते. अडचण वयाची नसते, वयाबरोबर आलेल्या आजारांची असते.

कोणाला घ्यावे, कोणाला नको

येथे सर्वांना एकच उत्तर नाही. तोंडाची स्थिती पाहून उत्तर बदलते.

पहिली स्थिती, मागची एखादी दाढ गेली आहे आणि बाकीचे दात शाबूत आहेत. येथे घाई करू नये. समोरासमोर येणारे वीसेक दात चांगले असले तर माणूस बहुतेक सर्व अन्न खाऊ शकतो, असे हॉलंडमधील दंतवैद्यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखवून दिले. जपानने १९८९ साली 'ऐंशीव्या वर्षी वीस दात' ही मोहीम सुरू केली, तिचाही आधार हाच विचार होता. डॉक्टरांना शेजारच्या व समोरच्या दातांना धोका दिसत नसेल, तर अगदी मागच्या एका दाढेसाठी गाठीचे पैसे मोडण्याचे कारण नाही. तेच पैसे उरलेल्या दातांची कीड व हिरड्या सांभाळण्यात घालावेत.

दुसरी स्थिती, मधले एक-दोन दात नाहीत. येथे बाजूच्या दातांवर टोप्या घालून ब्रिज करता येतो, किंवा इम्प्लांट. बाजूच्या दातांवर आधीच टोप्या असतील वा बसवाव्याच लागणार असतील तर ब्रिज सोयीचा. ते दात अगदी निरोगी असतील तर त्यांना घासण्यापेक्षा इम्प्लांट बरे.

तिसरी स्थिती, खालचा एकही दात नाही आणि कवळी टिकत नाही. आमच्या मते पैसा खऱ्या अर्थाने सार्थकी लागतो तो येथे. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी असे मत दिले की, खालच्या बिनदाती जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी हाच पहिला पर्याय मानावा. पुढच्या भागात दोन स्क्रू, त्यावर दोन बटणे, आणि वरून काढता-घालता येणारी कवळी. कवळी उडत नाही, भाकरीचा तुकडा चावता येतो, आणि खर्च पूर्ण पक्क्या दातांच्या मानाने पुष्कळ कमी.

चौथी गोष्ट, दोन्ही जबड्यांना पक्के दात. जाहिरातींत दिसतात ते हेच. ज्यांची ऐपत आहे त्यांनी खुशाल करावे. परंतु त्यासाठी कर्ज काढणे किंवा दागिने मोडणे आम्हांस योग्य वाटत नाही. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. आपल्याला हवेत ते खायचे.

खर्चाचा हिशेब

आजच्या भावाने खाजगी दवाखान्यात एक इम्प्लांट टोपीसह साधारण पंचवीस-तीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत जातो; पूर्ण तोंडाचा हिशेब काही लाखांवर. दोन स्क्रू व कवळी यांना समजा ८०,००० रुपये लागले आणि ते बारा वर्षे चालले, तर महिन्याला साडेपाचशे रुपयांच्या आसपास पडतात. असा हिशेब मांडला म्हणजे आकडा डोळ्यांत भरत नाही. परंतु ही रक्कम आधी एकदम द्यावी लागते, आणि आजारपणासाठी ठेवलेल्या पैशाला तिने हात लागता कामा नये. सर्वसाधारण आरोग्य विम्यात अपघाताखेरीज दातांचा खर्च बहुधा मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

भाव विचारताना पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात. टोपीचे पैसे त्यात धरले आहेत काय? त्रिमितीय एक्स-रेचे? हाड भरावे लागल्यास किती? स्क्रू कोणत्या कंपनीचा, आणि दहा वर्षांनी त्याचे सुटे भाग मिळतील काय? हाडाने स्क्रू धरला नाही तर पुन्हा बसवण्याचे पैसे कोणाचे? बटणातील रबरी किंवा नायलॉनची कडी वेळोवेळी बदलावी लागते, तिचा खर्च किती? निपाणीहून पाच-सहा खेपा करायच्या तर प्रवास आणि सोबतच्या माणसाचा बुडालेला रोजही खर्चातच धरावा.

'हाड भरणे' हा शब्द ऐकल्यावर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा. त्यासाठी वापरली जाणारी भुकटी पुष्कळदा गाईच्या हाडापासून केलेली असते, आणि वर घालायचा पडदा कधी डुकराच्या शरीरातील पदार्थाचा असतो. आमच्या मुसलमान बांधवांना एकाची अडचण, हिंदू व जैन बांधवांना दुसऱ्याची किंवा दोन्हींची. कृत्रिम पदार्थ किंवा रुग्णाचे स्वतःचे हाड हे पर्यायही असतात. विचारण्यात संकोच नसावा. आधी सांगितले तर डॉक्टरांना योजना बदलता येते, मागाहून सांगून मनःस्ताप मात्र उरतो.

शरीर आणि तंबाखू

मधुमेह असल्यास तीन महिन्यांची सरासरी साखर आधी आटोक्यात आणावी. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. ते हृदयाच्या डॉक्टरांस विचारूनच ठरवावे. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल गोळ्या किंवा वर्षातून एकदा टोचायचे इंजेक्शन चालू असेल, अथवा जबड्याला कर्करोगासाठी किरणोपचार झाले असतील, तर ते पहिल्या भेटीतच सांगावे. अशा रुग्णांत जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो.

आणि निपाणी म्हटले की तंबाखू आलाच. या पिकाच्या भावासाठी येथील शेतकऱ्यांनी १९८१ साली केलेले आंदोलन पुष्कळांच्या स्मरणात असेल. या पानावर आणि विड्यांवर हजारो घरांच्या चुली पेटल्या. त्या कष्टांना आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु विडी ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळते, आणि ज्या मशेरीने आपल्या आयाबहिणी दात घासतात तीच हिरड्या खाऊन दात सैल करते. विडी व मशेरी सोडवत नसेल तर एवढा पैसा घालू नये, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. तोंडात पांढरा वा लाल चट्टा किंवा न भरणारी जखम असेल, तर दातांचे राहू द्या, आधी तिची तपासणी करा.

साफ कोण करणार

इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते आणि हाड झिजते. अशी तक्रार सुमारे पाचांपैकी एका रुग्णाला पुढे होते. म्हणून रोज बारीक ब्रशने सफाई आणि वर्षातून एक-दोनदा तपासणी हवीच. आज हात चालतात. उद्या हात कापू लागले, अर्धांगवायू झाला, स्मृती गेली, तर? काढता येणारी कवळी सून किंवा नात काढून धुऊ शकते. पक्के बसवलेले दात दुसऱ्याच्या तोंडात शिरून साफ करणे कठीण. उतारवयात निवड करताना हा विचार रुपयांइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तोच बहुधा कोणी करीत नाही.

जायचे कोठे

बेळगावात के. एल. ई. संस्थेचे विश्वनाथ कत्ती दंतमहाविद्यालय १९८५ पासून आहे, मराठा मंडळाचे नाथाजीराव हलगेकर दंतमहाविद्यालयही आहे. निपाणीकरांना सांगलीचे भारती विद्यापीठाचे दंतमहाविद्यालयही गाठता येते. अशा ठिकाणी शिकणारे डॉक्टर अनुभवी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ अधिक लागतो, पैसे कमी.

ज्यांची ऐपतच नाही त्यांच्यासाठी कर्नाटक सरकारने २०१४-१५ च्या सुमारास 'दंतभाग्य' योजना काढली. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना दंतमहाविद्यालयांमार्फत मोफत कवळी, असे तिचे स्वरूप. तिची माहिती कन्नडमध्ये लागते, म्हणून आपल्यातील मराठी आणि उर्दू बोलणाऱ्या वृद्धांपर्यंत ती क्वचितच पोहोचते. रेशनकार्ड घेऊन महाविद्यालयात जावे आणि सध्याच्या अटी विचाराव्यात. शिकलेल्या मुलांनी शेजारच्या एका वृद्धास जरी सोबत नेले, तरी आपल्या संस्थेच्या महोत्सवास शोभेल असे काम होईल.

तात्पर्य, पहिल्याच दवाखान्यात होकार देऊ नये. दुसरे मत घ्यावे. चांगली नवी कवळी करून चार-सहा महिने वापरून पाहावी. तिनेही खालचा जबडा साथ देत नसेल, साखर ताब्यात असेल, तंबाखू सुटला असेल आणि आजारपणाचा पैसा बाजूला राहत असेल, तर दोन स्क्रूंचा खर्च निःशंकपणे करावा. मग आईने "माझे किती दिवस राहिले" असे म्हटले, तर तिला सांगावे की जितके राहिले तितके दिवस दोन वेळा जेवायचे आहेच. तो घास सुखाने चावून खाता यावा, यासाठी घातलेला पैसा वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.