५१.९ सेकंदांचा सामना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

८ मार्च २००८ रोजी अटलांटात हॉक्स आणि मायामी हीट हे एनबीएचे दोन संघ एकाच संध्याकाळी दोनदा भिडले. दोन्ही वेळा हॉक्स जिंकले. दुसरा सामना नेहमीसारखा ४८ मिनिटांचा होता, पहिला मात्र जेमतेम ५१.९ सेकंदांचा. ८० दिवसांपूर्वी संपलेल्या एका सामन्याचं शेपूट त्यांना पुन्हा खेळायला लागलं होतं.

बास्केटबॉलवेड्यांच्या गप्पांत हा किस्सा हमखास निघतो आणि दर वेळी त्याला नवं पान फुटतं. कुणी सांगतं अख्खा सामना पुन्हा झाला, कुणी सांगतं गुण चुकले होते, तर कुणी मायामीच्या तेव्हाच्या सेंटर शकील ओनीलला सन्मानाने कोर्टवर परत आणतं. यातलं काहीही घडलं नव्हतं. जे घडलं ते याहून जास्त मजेशीर आहे.

‘गुण मोजायला चुकले’

नाही. १९ डिसेंबर २००७ च्या त्या सामन्यात फलकावरचे गुण अचूक होते. घोळ झाला तो फाऊलच्या हिशोबात. आपल्याकडे शाळा-कॉलेजांत आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळतात, तिथे पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. एनबीएचा सामना आठ मिनिटांनी मोठा असतो आणि तिथे ही मर्यादा सहा फाऊलची आहे.

मायामीच्या युडोनिस हॅस्लेमने केलेला एक फाऊल टेबलवरच्या स्कोअररने ओनीलच्या नावावर मांडला. किराणा दुकानदाराने शेजाऱ्याची उधारी आपल्या खात्यावर लिहावी, तसा प्रकार. हॅस्लेमचा नंबर ४०, ओनीलचा ३२, त्यामुळे आकड्यांच्या साधर्म्याने गल्लत झाली असंही म्हणता येत नाही. सामना बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला. त्यातले ५१.९ सेकंद उरले असताना ओनीलच्या नावावर आणखी एक फाऊल लागला. टेबलने सांगितलं, सहा झाले. खरे पाचच झाले होते. ओनीलला बाहेर बसावं लागलं आणि हॉक्सनी सामना ११७-१११ असा घेतला.

एक सेंटर खेळाडू कमी झाल्याने एवढं काय बिघडतं, असं वाटू शकतं. पण त्या रात्री पहिल्याच क्वार्टरमध्ये मायामीचा दुसरा सेंटर अलोन्झो मॉर्निंग गुडघ्याचा स्नायुबंध तुटून बाहेर गेला होता. तो एनबीएत पुन्हा कधीच खेळला नाही. म्हणजे ओनील गेल्यावर रिंगखाली उभं राहायला मायामीकडे भरवशाचा माणूसच उरला नाही.

‘पंचाची चूक’ किंवा ‘हॉक्सची लबाडी’

पंचाने शिटी वाजवायची, फाऊल कुणाचा ते हातवारे करून टेबलला कळवायचं. कुणाचे किती झाले हा हिशोब टेबलचा. त्यामुळे इथे पंचाला दोष देण्यात अर्थ नाही.

लबाडीचा संशय कुठून येतो हे मात्र समजण्यासारखं आहे. एनबीएत टेबलवरची ही माणसं यजमान संघ नेमतो. सामना अटलांटात, वही अटलांटाच्या माणसांच्या हातात आणि चूक अटलांटाच्या फायद्याची. कुणाचीही भुवई वर जाईल. लीगचे तेव्हाचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी मायामीच्या तक्रारीवर ११ जानेवारी २००८ रोजी निर्णय दिला, तेव्हा हॉक्सवर घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला आणि ५०,००० डॉलरचा दंड केला. हेतुपुरस्सर फसवणुकीचा आरोप त्यात नव्हता. माझ्या मते दंड योग्यच होता. वही ठेवणारा आपला असेल तर तिच्यातल्या चुकीची जबाबदारीही आपलीच.

‘अख्खा सामना पुन्हा झाला आणि ओनीलला न्याय मिळाला’

चूक घडण्याआधीचा खेळ शुद्ध होता, तो कशाला पुसायचा? स्टर्न यांनी घड्याळ जिथे ओनील चुकीने बाहेर गेला तिथे, म्हणजे ५१.९ सेकंदांवर, नेऊन ठेवलं. त्या क्षणी हॉक्स ११४-१११ असे पुढे होते. नंतरचे तीन गुण रद्द झाले. दोन्ही संघांची गाठ पुढे ८ मार्चला अटलांटातच पडायची होती, म्हणून उरलेला तुकडा त्याच दिवशी आधी खेळवायचं ठरलं.

या सगळ्या खटाटोपाचं कारण असलेला ओनील तोवर मायामीत राहिलाच नव्हता. ६ फेब्रुवारीला मायामीने त्याला फीनिक्स सन्सकडे धाडलं आणि बदल्यात शॉन मॅरियन व मार्कस बँक्स घेतले. ज्याचा सहावा फाऊल खोटा ठरला, तो माणूस निकाल लागला तेव्हा दुसऱ्याच संघाच्या गणवेशात होता. त्या ५१.९ सेकंदांत दोन्हीकडून एकही गुण झाला नाही. अंतिम नोंद झाली ११४-१११. मग थोडी विश्रांती घेऊन नियमित सामना झाला, तोही हॉक्सनी ९७-९४ असा जिंकला.

‘असं त्याआधी कधी झालं नव्हतं, आणि निकाल थोडाच बदलतो’

दोन्ही चूक. ३० नोव्हेंबर १९८२ च्या सामन्यात तीन सेकंद उरले असताना लेकर्सचा नॉर्म निक्सन फ्री थ्रोसाठी उभा होता. त्याने चेंडू टाकण्याचा नुसता आव आणला आणि दोन्ही संघांचे खेळाडू फसून रेषेच्या आत शिरले. पंचांनी तिथे नियम चुकीचा लावला. सामना दोनदा जादा वेळेत गेला आणि सॅन अँटोनियो स्पर्सनी तो १३७-१३२ असा जिंकला. लेकर्सची तक्रार मान्य झाली, १३ एप्रिल १९८३ ला ते तीन सेकंद पुन्हा खेळले गेले आणि निकाल उलटला: लेकर्स ११७, स्पर्स ११४. तीन सेकंदांत जिंकलेल्याचा हरलेला झाला.

त्याच्याही आधीची गोष्ट तर कल्पित वाटावी अशी आहे. ८ नोव्हेंबर १९७८ ला न्यू जर्सी नेट्सचा बर्नार्ड किंग आणि प्रशिक्षक केव्हिन लॉगरी यांना पंच रिची पॉवर्स यांनी प्रत्येकी तीन तांत्रिक फाऊल दिले. दोनवर माणूस बाहेर जातो, तिसरा देण्याची सोयच नियमात नव्हती. नेट्स फिलाडेल्फियाकडून हरले, तक्रार केली, ती मान्य झाली. २३ मार्च १९७९ ला तिसऱ्या क्वार्टरपासून पुढचा खेळ पुन्हा झाला. पण मधल्या काळात दोन्ही संघांत खेळाडूंची अदलाबदल झाली होती! एरिक मनी नेट्समधून फिलाडेल्फियात गेला, तर राल्फ सिम्पसन आणि हार्वी कॅचिंग्ज तिकडून इकडे आले. त्यामुळे एकाच सामन्याच्या गुणपत्रिकेत हे तिघे दोन्ही संघांकडून खेळलेले दिसतात. फिलाडेल्फिया १२३-११७ असं जिंकलं. आकडेवारीच्या नादी लागलेल्यांनी ही गुणपत्रिका एकदा जरूर पाहावी.

अटलांटाच्या त्या ५१.९ सेकंदांनी कुणाचं काही बदललं नसतं, असंही म्हणतात. मायामीच्या बाबतीत ते खरं आहे, त्या मोसमात ते ८२ पैकी फक्त १५ सामने जिंकले. हॉक्सचं तसं नव्हतं. ३७ विजयांसह ते पूर्व विभागात आठवे, म्हणजे बाद फेरीचं शेवटचं तिकीट मिळवणारे ठरले. नववे इंडियाना पेसर्स, ३६ विजय. तो तुकडा हॉक्स हरले असते तर दोन्ही संघ बरोबरीत आले असते. १९९९ नंतर प्रथमच बाद फेरी गाठलेल्या हॉक्सनी पुढे त्या वर्षीच्या विजेत्या बोस्टनला सात सामन्यांपर्यंत झुंजवलं.

‘चूक सिद्ध झाली की सामना पुन्हा’

सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. तक्रार सामना संपल्यापासून ४८ तासांत करावी लागते, सोबत १०,००० डॉलर भरावे लागतात. जिंकलात तर पैसे परत, हरलात तर लीगच्या तिजोरीत. आणि चूक झाली एवढं दाखवून भागत नाही.

३ डिसेंबर २०१९ ला ह्यूस्टन रॉकेट्सच्या जेम्स हार्डनने चौथ्या क्वार्टरमध्ये असा जोरदार डंक मारला की चेंडू जाळीतून खाली जाऊन जाळीच्या झटक्याने पुन्हा वर आला. पंचांना वाटलं, बास्केट झालंच नाही. दोन गुण गेले. स्पर्सनी दोन जादा वेळांनंतर सामना १३५-१३३ असा, बरोबर दोन गुणांनी, जिंकला. लीगने चूक मान्य केली, पंचांवर कारवाईही केली, तरी आयुक्त अॅडम सिल्व्हर यांनी तक्रार फेटाळली. चूक झाली तेव्हा सात मिनिटांहून जास्त खेळ उरला होता, ती भरून काढायला ह्यूस्टनला पुरेसा वेळ होता, असं कारण दिलं. ह्यूस्टनच्या चाहत्यांना हे अजून पटलेलं नाही. मला पटतं, पण त्यांच्या जागी असतो तर पटलं नसतं हेही खरं.

म्हणजे गंमत पाहा: खरोखरचे गुण गहाळ झाले तिथे काही नाही आणि फाऊलच्या वहीतली एक ओळ चुकली तिथे फेरखेळ. फरक पडतो तो चुकीच्या जातीने आणि उरलेल्या वेळेने. पंचाची नजर चुकली तर ते खेळाचा भाग म्हणून सोसायचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्यूस्टनविरुद्धच्या सामन्यात शेवटच्या क्षणी न्यूयॉर्क निक्सवर दिलेला फाऊल चुकीचा होता हे पंचप्रमुखाने सामन्यानंतर स्वतः कबूल केलं. निक्स १०५-१०३ असे हरले होते. त्यांचीही तक्रार फेटाळली गेली, कारण ती नियमाची नव्हे तर निर्णयाची चूक होती. अटलांटात मात्र कुणाच्या नजरेचा प्रश्नच नव्हता. पाचाला सहा म्हटलं गेलं होतं, आणि भरून काढायला वेळ होता एका मिनिटाहून कमी.

२००८ नंतर ह्यूस्टन, डॅलस, न्यूयॉर्क अशा अनेकांनी दार ठोठावलं. आयुक्तांनी मान्य केलेली शेवटची तक्रार मात्र अजून मायामीचीच आहे.