प्रकटीकरण आणि गोदाकाठ

नाशिकच्या शरणपूर भागात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मिशनची ख्रिस्ती वसाहत आहे. इथल्या भाविकांच्या बायबलमधले शेवटचे पुस्तक, ‘प्रकटीकरण’, अनेकदा जगबुडीचे भाकीत म्हणून वाचले जाते. एक तृतीयांश झाडे जळतात, समुद्राचे रक्त होते, नद्या कडू होतात. मग ‘सगळे नष्टच होणार, तर नदी कशाला जपायची?’ असे कुणालाही वाटू शकते.

पर्यावरणाच्या अंगाने वाचणारे अभ्यासक या दृश्यांकडे वेळापत्रक म्हणून नव्हे, तर इशारा म्हणून पाहतात. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमन सत्तेखाली लिहिलेल्या या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात बाबेल नगरीच्या पतनावर व्यापारी रडतात. सोने, रेशीम, हस्तिदंत अशी त्यांच्या मालाची यादी माणसांच्या विक्रीपर्यंत जाते. टीका आहे ती हावरेपणावर. अकराव्या अध्यायात तर न्यायाची वेळ पृथ्वीची नासाडी करणाऱ्यांवरच येते.

शेवटीही माणसे पृथ्वी सोडून जात नाहीत. नवे नगर पृथ्वीवर उतरते. त्यातून स्वच्छ नदी वाहते आणि काठच्या झाडाची पाने राष्ट्रांना आरोग्य देतात.

महाराष्ट्रात अशा विचाराला कृतीची जोड मिळाली ती वसईत. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत उतरले. पोप फ्रान्सिस यांनीही 2015च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीची निगा ही श्रद्धेचीच बाब मानली. या वाचनानुसार सांडपाणी आणि पाणवेलींनी गुदमरणाऱ्या गोदावरीची काळजी हा उपासनेचाच भाग ठरतो.